भीतीच्या चेहऱ्यावरचा चिमटा

कसबा म्हटलं की पुण्याच्या माणसाला गणपतीच आठवतो. हा कसबा तो नव्हे. हा कोलकात्याचा, गरियाहाटहून शेअर ऑटोने रेल्वेवरचा पूल ओलांडला की लागणारा. तिथल्या एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर बालवाडी होती आणि तिथे सुलभा ठोसर चार-चार वर्षांच्या मुलांना आनंद, दुःख, राग आणि भीती ओळखायला शिकवायची. तिचा नवरा चंद्रकांत या शिकवण्याची फार थट्टा करायचा. "आमची ही पोरांना रुसायला शिकवते. घरी सराव दांडगा आहे ना!" असं चारचौघांत म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. सुलभा तेवढ्यापुरती हसायची आणि चहा टाकायला उठायची.

चंद्रकांत सरकारी बँकेतला अधिकारी. परभणी, रायपूर, विशाखापट्टणम आणि आता निवृत्तीच्या तोंडावर कोलकाता. प्रत्येक गावात सुलभाने शाळेची नोकरी धरली आणि बदलीचं पत्र आलं की सोडली. रायपूर सोडलं तेव्हा त्यांची मुलगी अनुजा सहा वर्षांची होती. ट्रकमध्ये सामान चढत होतं आणि पोरगी जिन्यात बसून हमसाहमशी रडत होती. सुलभाने तिचे डोळे पुसले आणि "शहाणी ना तू? शहाणी मुलं रडत नाहीत" म्हणून तिला गप्प केलं. अनुजा शहाणी झाली. इतकी शहाणी की आता ती बंगलोरहून दर रविवारी फोन करते आणि कसंही विचारलं तरी "ठीक आहे" यापलीकडे काही बोलत नाही. नवऱ्यापासून वेगळी झाल्याचंसुद्धा तिने आईला सहा महिन्यांनी सांगितलं, तेही पावसापाण्याच्या गप्पांमध्ये.

म्हणूनच असेल, पन्नाशी ओलांडलेल्या बाईने भावना शिकवण्याचं हे नवं खूळ डोक्यात घेतलं. रोज दुपारी लॅपटॉपसमोर बसून तिने चार महिन्यांचं प्रशिक्षण पुरं केलं. वर्गाच्या भिंतीवर चार मोठे चेहरे लावले. हसरा, रडवेला, रागावलेला आणि घाबरलेला. प्रत्येक मुलासाठी कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा, त्यावर त्या मुलाचा फोटो. सकाळी आल्यावर आपला चिमटा आपल्या चेहऱ्याला लावायचा. पहिला महिनाभर सगळे चिमटे हसऱ्या चेहऱ्यावर, कारण मोठ्या माणसांना तेच आवडतं हे पोरांना चांगलं ठाऊक असतं. मग सुलभा त्यांना शिकवत गेली. राग मुठीत येतो, कान गरम होतात. भीती पोटात येते. वाईट वाटलं की गळ्यात काहीतरी अडकतं. डिसेंबरपर्यंत पोरं तरबेज झाली. एक बंगाली मुलगी तर दारातूनच ओरडायची, "मिस, आज आमार खूब राग!" आणि ऐटीत चिमटा लावून मग खेळायला पळायची.

एक नियम सुलभाने हट्ट धरून प्रिन्सिपल शर्मिष्ठा लाहिरींकडून करून घेतला होता. कुणाचा चिमटा लागोपाठ तीन दिवस भीतीच्या चेहऱ्यावर लागला, तर त्याची नोंद वहीत करायची आणि आधी प्रिन्सिपलना सांगायचं. शिक्षिकेने घरच्यांशी परस्पर बोलायचं नाही. मूल ज्याला घाबरतं तो बहुतेकदा घरातलाच असतो, त्यालाच आधी कळलं तर मूल पुन्हा तोंड उघडत नाही, असं तिने स्टाफच्या मीटिंगमध्ये हातवारे करून सांगितलं होतं. लाहिरीबाईंनी तो नियम छापून ऑफिसात लावला. सुलभाच्या आयुष्यात तिचं म्हणणं कुणी छापून लावण्याची ती पहिलीच वेळ होती.

तिच्या वर्गात एकच मराठी मुलगी होती, नूपुर दिघे. बाप शंतनु सेक्टर फाइव्हमधल्या एका आयटी कंपनीत, आई सानिका घरूनच काम करायची. नूपुरचं मराठी म्हणजे नुसती भेसळ. बंगाल्यांसारखी "मला पाणी खायचं आहे" म्हणायची. पण काही मनातलं सांगायचं झालं की सुलभाच्या साडीला धरून मराठीतच कुजबुजायची, कारण त्या शाळेत ते समजणारी ती एकटीच होती.

जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात नूपुर शाळेच्या बाथरूमला जाईना. गेली तर दार उघडं ठेवायला लावायची. तीन दिवस चिमटा घाबरलेल्या चेहऱ्यावर. चौथ्या दिवशी सुलभाने तिला जवळ घेऊन विचारलं.

"दार बंद नको," नूपुर म्हणाली. "बाबा बंद करतो. लाइट पण बंद करतो. मी जेवण संपवलं नाही ना, म्हणून."

"मग तुला काय होतं?"

"भीती होते. इथे." तिने पोटावर बोट ठेवलं, अगदी सुलभाने शिकवलं होतं तिथेच.

खरं सांगायचं तर सुलभाला आधी आनंद झाला. आपलं शिकवणं लागू पडलं याचा. पुढे कितीतरी दिवस तिला त्या आनंदाची लाज वाटत राहिली.

त्या संध्याकाळी तिने वही उघडली, तारीख घातली आणि पेन तसंच धरून बसली. दिघे काही परके नव्हते. इथे मोजकी मराठी घरं, त्यात शंतनु म्हणजे सगळ्यांचा हक्काचा माणूस. गणपतीत मांडवाची धावपळ त्याची, कुणाला स्टेशनवरून आणायचं तर गाडी त्याची. मागच्या वर्षी चंद्रकांतच्या छातीत कळ आली तेव्हा बायपासवरच्या तुंबलेल्या ट्रॅफिकमधून त्याला हॉस्पिटलात नेणारा शंतनुच. ऑपरेशन होईपर्यंत बाहेरच्या बाकावर तो उपाशी बसून होता.

"वहीत-बिहीत कसलं लिहितेस?" चंद्रकांत म्हणाला. "ती लाहिरीबाई बोलावून घेईल दोघांना, आणि सगळ्या बंगाल्यांपुढे आपल्या माणसाची शोभा. सानिकाला बाजूला घेऊन सांग की दोन शब्द. घरातली गोष्ट आहे. अगं, आम्हालाही कोंडायचे लहानपणी. मेलो का आम्ही?"

"अहो, पण नियम माझाच आहे ना."

"नियम शाळेतल्या मिसला. तू तिची काकू आहेस."

हे बोलणं सुलभाला पटलं. पटायचंच होतं म्हणून पटलं. शंतनुचे उपकार होते, शिवाय मराठी घरांत आपल्याला कुणी नावं ठेवली तर या परक्या गावात जायचं कुठे, हा हिशेबही मनात होता. तिने तारीख घातलेलं पान फाडलं आणि वही दप्तरात ठेवून दिली.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्या शनिवारी सानिकाकडेच होतं. सुलभा तिळाचे लाडू घेऊन गेली. चिक्कीचा गूळ इथे कुठला मिळायला, खजुराच्या गुळाचे केले होते, ते डब्यात बसून बसून चपटे झाले होते. बायका आल्या, वाणं लुटली, लाडवांना हसल्या आणि गेल्या. सुलभा भांडी आवरायच्या निमित्ताने मागे राहिली. स्वयंपाकघरात तिने शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं.

सानिकाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "काकू, अहो दोन मिनिटं फक्त! दोन दोन तास घास तोंडात धरून बसते. तुम्हाला नाही माहीत ती काय छळते ते."

"दोन मिनिटं आपल्याला, सानिका. तिला ती केवढी वाटत असतील? तूच सांग ना शंतनुला. मी बोलले असं नको म्हणूस."

तेवढ्यात दाराचं लॅच वाजलं. शंतनु बॅडमिंटन खेळून आला होता. आता सानिका गप्प बसली असती तर काही बिघडत नव्हतं. पण बायको म्हणून तिला जे सुचलं ते तिने केलं. गोष्ट हसण्यावारी नेली की नवऱ्याचा राग आपल्यावर येत नाही, हे तीही कधीतरी शिकलेलीच होती. "ऐकलंस का, तुझी लेक शाळेत काय सांगते? म्हणे बाबाची भीती वाटते. काकू खास सांगायला थांबल्यात."

शंतनु हसला. रॅकेट भिंतीला टेकवून ठेवली. "हो का? नूपुर! ये गं इकडे."

नूपुर आली. शंतनु तिच्यासमोर उकिडवा बसला. आवाज मुळीच चढवला नाही. "काकूंना काय सांगितलंस तू? बाबाची भीती वाटते?"

नूपुर सुलभाकडे बघत राहिली. फ्रॉकचं टोक मुठीत धरून ती नुसती उभी होती. तिथे बोलायचं होतं ते सुलभाने. अरे, तिला विचारू नकोस, मला विचार, एवढं म्हणायला किती लागतं? तीस वर्षं वर्गात उभं राहून बोलणारी बाई. पण हॉस्पिटलबाहेरचं ते बाकडं तिला दिसलं, सानिकाचे भरून आलेले डोळे दिसले, आणि तिच्या तोंडून निघालं, "अरे, नाही रे, गंमत केली असेल तिने. लहान आहे."

"गंमत केलीस?" शंतनुने विचारलं.

"हो," नूपुर म्हणाली.

"मग बाबा कसा आहे?"

"गुड."

"शाब्बास." त्याने तिला उचलून घेतलं, तिचा पापा घेतला आणि सुलभाला म्हणाला, "काकू, चहा घेऊन जा. मी सोडतो तुम्हाला." आणि खरोखरच त्याने तिला गाडीने घरापर्यंत सोडलं. वाटेत दोघे चंद्रकांतच्या पथ्याबद्दल बोलत होते.

सोमवारी नूपुरचा चिमटा हसऱ्या चेहऱ्यावर लागला. मंगळवारी तिथेच, बुधवारीही तिथेच, आणि आता सुलभा ते रोज वहीत लिहू लागली. सुलभाने स्वतःची समजूत घातली की बोलल्याचा उपयोग झाला. चंद्रकांत तर म्हणालाच, "बघ, सांगत नव्हतो?" पण पोरगी आता कुजबुजायला येत नव्हती. सुलभाने विचारण्याआधीच "मी हॅपी" म्हणायची, हजेरी द्यावी तसं, आणि तिच्या अंगावरून निघून जायची.

मग सरस्वतीपूजा आली. शाळेत दरवर्षीप्रमाणे मूर्ती बसली, पोरं पिवळे कपडे घालून आली. नूपुरला सानिकाने छोटीशी पिवळी साडी नेसवली होती. शंतनु दारातूनच फोटो काढत म्हणाला, "काकू, बघा कशी दिसतेय!" मुलं हातात फुलं घेऊन पुष्पांजलीसाठी रांगेत उभी राहिली. पुरोहितांचे मंत्र सुरू असताना नूपुरच्या पायाशी फरशीवर पाणी पसरलं. पुढच्या मुलीने वळून बघितलं आणि नाक दाबलं. नूपुर हलली नाही. ओली साडी नेसून, फुलं घट्ट धरून ती समोर मूर्तीकडे बघत हसत होती. वर्गाच्या भिंतीवरच्या हसऱ्या चेहऱ्याचे ओठ जितके ताणलेले होते, तितकेच तिने ताणले होते.

सुलभाने तिला बाथरूममध्ये नेलं, दार सताड उघडं ठेवलं, पाय धुतले, कपाटातली जादा चड्डी घातली. "बाळा, अजून घरी दार बंद करतात का गं?"

"मी कुणाला नाही सांगितलं," नूपुर म्हणाली.

"मला सांग. मी कुणाला नाही बोलणार."

नूपुरने तिच्याकडे बघितलं. चार वर्षांची मुलं तसं बघत नाहीत. "मी हॅपी," ती म्हणाली.

सुलभा त्याच दुपारी वही घेऊन लाहिरीबाईंकडे गेली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. पान फाडल्याचं सांगितलं, हळदीकुंकवाचं सांगितलं, आपण काय बोललो तेही सांगितलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त दोनदा तारखा विचारल्या आणि लिहून घेतल्या. नूपुरच्या नावापुढे गेल्या तीन आठवड्यांच्या नोंदी सुलभाच्याच सुवाच्य अक्षरात होत्या. आनंदी. आनंदी. आनंदी. कुणी चौकशी केली तर दिघे हेच पुढे करतील, एवढंच लाहिरीबाई इंग्रजीत म्हणाल्या.

दर गुरुवारी शाळेत एक समुपदेशक बाई यायच्या, मुलांशी बोलायला. मोठ्या प्रेमळ आणि कामात मुरलेल्या. नूपुर अनोळखी माणसापाशी बसेना, म्हणून त्यांनी सुलभालाही सतरंजीवर बसवून घेतलं. तासभर त्या नूपुरशी खेळल्या, ठोकळ्यांचं घर केलं, घरात बाहुली ठेवली. मग चारही चेहऱ्यांची कार्डं तिच्यासमोर मांडली आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या बंगालीत विचारलं, बाहुली बाथरूममध्ये एकटी असली आणि दार बंद झालं, तर तिला कसं वाटतं?

नूपुरने कार्डांवरून हात फिरवला. घाबरलेल्या चेहऱ्यावर तो क्षणभर थांबला. मग तिने हात मागे घेतला आणि मान वळवून सुलभाकडे बघितलं आणि मराठीत, तिच्या त्या मोडक्या मराठीत, अगदी अदबीने विचारलं, "कुठला सांगू?"

"काय म्हणाली ती?" बाईंनी विचारलं. त्यांना मराठी येत नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा ते सुलभालाच इंग्रजीत करून सांगावं लागलं.