सोपानचा लंगोट

पौडच्या गिरणीत तांदळाचं पीठ दळून घ्यायला उभा होतो, तेव्हा ओंकारचा फोन आला. गिरणीच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून रस्त्यावर आलो. "गुरुजी, वस्ताद गेले," तो म्हणाला. "डायलिसिसला न्यायला म्हणून सकाळी गेलो, तर..." आत जाऊन पिठाचा डबा उचलला, गिरणीवाल्याशी दोन शब्द बोललो, घरी आलो. डबा ओट्यावर ठेवला आणि तिथंच उभा राहिलो. पन्नास वर्षांची दोस्ती असलेला सोपान गेला होता, पण मला रडू येत नव्हतं. भीती वाटत होती. सोपानशी एक खरं बोलायचं राहिलं होतं आणि आता ते कायमचंच राहिलं.

मालेच्या पुढे, रस्ता ताम्हिणीकडे चढायला लागतो त्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या तालमीत आम्ही दोघं एकाच दिवशी गेलो. तो हौसेनं, मी वडिलांच्या धाकानं. तीन महिन्यांत एवढं कळलं, की माझं काम हौद्यातली माती उकरून मऊ करायचं आहे, कुस्ती खेळायचं नाही. सोपान मला रोज पाडायचा. पण पाडताना त्याचा एक तळहात माझ्या डोक्याखाली असायचा. "मास्तर हुनार हाय ह्यो, डोस्कं फुटलं तर शिकवंल काय?" असं म्हणून सगळ्यांना हसवायचा. मी खरोखरच मास्तर झालो. तो चोविसाव्या वर्षी खुल्या गटात जिल्हा जिंकून आला. एकशे दहा किलोचं धूड, कान फुटून कुरडईसारखे झालेले आणि आवाज मात्र बायकांना चिडवावासा वाटेल इतका बारीक. त्यानंतर वीस-बावीस वर्षं गावच्या यात्रेत त्याची पाठ कुणी मातीला लावली नाही.

आमच्या तालमीचा एक जुना रिवाज आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. यात्रेत मोठ्या पैलवानाला लहान वयाच्या पैलवानानं पाडलं, की हरलेल्यानं त्याच संध्याकाळी आपला लंगोट विहिरीवर धुवायचा आणि तालमीतल्या मारुतीच्या पायाशी ठेवायचा. तिथून तो मोकळा. मग त्यानं हौद्याच्या कट्ट्यावर बसायचं, पोरांना शिकवायचं आणि तेव्हापासून त्याला वस्ताद म्हणायचं. हौस फिटली म्हणून लंगोट ठेवता येत नाही. मारुती हरलेल्याचाच घेतो. सोपानच्या वडिलांनी ठेवला होता, त्यांच्या आधीच्यांनीही. हा रिवाज मला पोरवयापासून तोंडपाठ होता. पण त्याचा अर्थ मला कळला नाही. मी त्याला शिक्षा समजत होतो.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोपान सेहेचाळिसाव्या वर्षाला आलेला, गुडघे बोलायला लागलेले. कट्ट्यावर बसायचं वय होऊन गेलं तरी हा हौद्यातच. यात्रेतल्या जोड्या लावायचं काम तेव्हा माझ्याकडे असायचं आणि माइकवर बोलायचंही. त्या वर्षी पौडजवळचा ओंकार सगळीकडे गाजत होता. एकवीस वर्षांचा, पुण्यात मॅटवर तयार झालेला, विजेसारखा पोरगा. सोपान माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "माजी जोड त्येच्यासंगट लाव."

"डोकं फिरलंय का तुझं? पोराच्या वयाचा आहे तो. पडलास तर?"

"पडलो तर पडलो. लंगोट ठेवंन, बसंन कट्ट्यावर. आरं, चांगल्या हाताखाली पडाया पायजे मान्सानं."

इतकं साधं, सरळ सांगितलं होतं त्यानं. मी शिकलासवरलेला माणूस ना, मला वाटलं हा भीती लपवतोय. वीस वर्षांचा मान सगळ्या गावासमोर मातीत जाणार, बायकापोरं बघणार, असं चित्र माझ्याच डोळ्यांपुढे नाचत होतं. आदल्या दिवशी मी पौडला गेलो, ओंकारला चहाच्या टपरीवर गाठलं आणि सांगितलं, की त्याला पाडू नकोस. वीस मिनिटं खेळ, पंच माझेच विद्यार्थी आहेत, बरोबरीत सोडवतील. ओंकार कप हातात धरून खाली बघत बसला. "गुरुजी, त्यांना कळंल," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, काही कळत नाही. त्याच्या धाकट्या चुलत्याला मी शिकवलं होतं, ती ओळखही मी वापरली. मोठ्या माणसाला नाही म्हणायची त्याच्या घरची रीत नव्हती.

कुस्ती लागली. हात आजमावत खडाखडी झाली, सोपाननं दोनदा त्याला ढकलत पार कडेला नेलं, लोकांनी टोप्या उडवल्या. आठव्या-नवव्या मिनिटाला ओंकारनं पट काढला, म्हणजे पाय ओढून घेतले आणि सोपान खाली आला. मागून ओंकारचा कब्जा बसला, सुटायला वाव नाही असा. सोपानचा एक खांदा मातीला लागलेला मी स्वतः पाहिला. दुसरा वीतभर वर होता. त्याचा चेहरा माझ्याकडेच होता... आणि शपथेवर सांगतो, त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दमून घरी आलेला माणूस दाराशी चपला काढताना दिसतो ना, तसा तो दिसत होता. मग सोपानच्या मनगटावरची ओंकारची पकड सैल झाली. कुणाला दिसलं नसेल, मला दिसलं. सोपान सुटला, उठला, आणि पुढची दहा मिनिटं दोघं नुसते एकमेकांना धरून फिरत राहिले. पंचांनी कुस्ती सोडवली. मी माइकवर घसा फोडून ओरडलो, "बरोबरी! आपल्या मातीत आजही सोपान पैलवानाची पाठ लागलेली नाही!" लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो वरून आपल्या मनगटाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो तालमीत आला नाही. मला वाटलं, अंग दुखत असेल. महिना झाला, वर्ष झालं. पोरं बोलवायला जायची, तर म्हणायचा, "मी कुटला वस्ताद? मला कुनी पाडलंय?" ती हसायची, त्यांना ही फुशारकी वाटायची. कट्टा रिकामा राहिला, शिकवायला कुणी नाही म्हणून पोरं पांगली. सोपान हिंजवडीत एका टॉवरच्या गेटवर निळा शर्ट घालून उभा राहू लागला, कंपनीच्या कॅबसाठी लोखंडी दांडा वर-खाली करायला. मी एकदा भेटायला गेलो, तर शिट्टी तोंडातून काढून म्हणाला, "मास्तर, हितं बरं हाय. हितं कुनी वळखत न्हाई." मी ते थट्टेवारी नेलं. किती वर्षं मी सगळंच थट्टेवारी नेलं!

घरी मात्र त्याची एक रीत सुटली नाही. रोज सकाळी आंघोळीच्या वेळी तो आपला लाल लंगोट धुवायचा, पिळून मागच्या तारेवर टाकायचा. न नेसलेला, न मळलेला लंगोट. यमुनावहिनी, म्हणजे त्याची बायको, एकदा मला म्हणाली, "आता कुटं खेळायला जायाचंय ह्यास्नी? पर रोज धुत्यात, भावजी." मी त्याला चिडवलं, काय पैलवान, पुन्हा उतरताय का? तो हसला नाही. "धुतलेला असावा," म्हणाला. "कदी ठेवायची येळ येईल, सांगता येत न्हाई." तेव्हाही मला कळलं नाही. कळलं असेल कदाचित, पण मी कळून घेतलं नाही.

मग किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा पिरंगुटला डायलिसिस. न्यायचा-आणायचा तो ओंकार, आपल्या गाडीतून. त्याचाही गुडघा मोडला होता, कुस्ती सुटली होती, आता तो जिम चालवतो. दोन वर्षं त्यानं ते केलं आणि मी मनात म्हणायचो, पोरगं गुणाचं आहे. एकशे दहा किलोचा सोपान साठाच्या खाली आला. तो जायच्या चार दिवस आधी मी त्याच्याजवळ बसलो होतो. त्यानं सलामीला धरतात तसा माझा हात धरला. पंजा अजून मोठाच होता, नुसती हाडं. म्हणाला, "मास्तर, तू सांगितलं व्हतं ना त्येला?"

मी म्हटलं, "काय? कुणाला?"

"ओंकारला. सोड म्हनून."

आता खरं बोललो असतो तर काय बिघडणार होतं? यात्रा संपलेली, तालीम बंद पडलेली, माणूस मरायला टेकलेला. पण जीभ आपोआप वळली. मी म्हटलं, "नाही रे. बरोबरीतच सुटली ती." तो माझ्याकडे बघत राहिला, रागावला नाही. माझ्या हातातलं खोटं त्याच्या बोटांना कळत होतं. मग त्यानं पकड सैल केली आणि भिंतीकडे तोंड केलं... आमची शेवटची भेट ती.

दहाव्याला ओंकार माझ्या शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "गुरुजी, दोन वर्षं गाडीत शेजारी बसत होते. मला एकदाबी विचारलं न्हाई. विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं." म्हणजे सोपान मुद्दाम मलाच विचारत होता. डोक्याखाली हात धरायची पाळी माझी होती आणि मी तो काढून घेतला. समोर गावच्या पोरांनी फ्लेक्स लावला होता, 'गावच्या मातीत पाठ न टेकलेला मल्ल'. तो मजकूर मीच लिहून दिलेला.

तेरावा झाल्यावर वहिनीनं पिशवीत घालून लंगोट माझ्याकडे दिला. "भावजी, एवडा मारुतीला ठेवा. लई वर्सं म्हनत व्हते." मी तालमीत गेलो. कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. हौद्यातली माती न उकरल्यानं फरशीसारखी झालेली. मारुतीपुढे उभा राहिलो, पिशवीतून लंगोट काढला, पण हात पुढे होईना. हा हरलाय, असं सांगून ठेवायचा? माइकवरून साऱ्या गावाला उलटं सांगणारा मीच. न हरलेल्याचा म्हणून ठेवावा, तर मारुती घेत नाही. मग बाहेर येऊन परत निघालो.

हे लिहितोय ते म्हणूनच. गावात पेपर येतो, लोक वाचतील आणि मला काय म्हणायचं ते म्हणतील. त्यांना एवढंच सांगायचंय, की सोपानला त्या दिवशी ओंकारनं पाडलंच होतं, सोडायला मी लावलं. पण हे आता सांगून सोपान मोकळा होत नाही. त्याला ते कट्ट्यावर बसून ऐकायचं होतं.

लंगोट माझ्याकडेच आहे. रोज सकाळी धुतो आणि मागच्या तारेवर टाकतो. सोपान पिळायचा तसा मला पिळता येत नाही. दुपारपर्यंत त्यातून पाणी गळत असतं.