दोन उजव्या हातांची क्रेन

संपाला दोन वर्षं होऊन गेल्यावर आमच्या परळच्या खोलीत पहिलं पोतं आलं. बाबा गिरणीत साचाखात्यात होते. गिरणगावात मागाला साचा म्हणतात आणि तो चालवणाऱ्याला साचेवाला. संप सुरू झाला तेव्हा ते आईला म्हणाले होते, "गणपतीपर्यंत मिटतलो." कुठल्या गणपतीपर्यंत ते त्यांनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं ठरलं असंही कोणाला म्हणता येत नव्हतं.

चाळीतली अर्धी बिऱ्हाडं कोकणात निघून गेली होती. आम्ही गेलो नाही. एक तर माझी सातवी होती आणि दुसरं म्हणजे गावी जाणं म्हणजे संप हरणं, असं बाबांचं मत होतं. ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावरच्या संप कमिटीच्या खोलीत जायचे, जेवायला घरी यायचे आणि पुन्हा जायचे. गिरणी चालू असताना ते इतक्या नेमाने कामावर गेले नसतील.

पोतं आणलं शेजारच्या मावशींनी. रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या मागे, एक प्लास्टिकचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचा एक गाळा. तिथून सुटे भाग आणायचे, घरी बसून जोडायचे आणि परत नेऊन द्यायचे, असं काम. आधी मावशी साबणाच्या डब्यांची झाकणं बसवायच्या. या वेळी झाकणांऐवजी आलं एक खेळणं. भगव्या रंगाची धडं, डोकी, चाकं, हूक, हात. सगळं जोडलं की एक रोबो व्हायचा आणि तो घडी घातल्यासारखा मिटला की त्याची क्रेन व्हायची.

आईने जन्मात रोबो पाहिला नव्हता. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "माणूस आसा की गाडी, ह्याका सोताक तरी ठावक आसा काय?"

या रोबोचा आमच्यापर्यंतचा प्रवास पुढे गाळ्याच्या मालकांनीच आईला सांगितला. मालकांच्या ओळखीच्या एका खलाशाने त्यांच्या मुलासाठी परदेशातून तीन खेळणी आणली होती. एकाची मोटार व्हायची, एकाचं विमान आणि एकाची क्रेन. मोटार आणि विमान मुलगा झोपतानाही हातातून सोडेना. क्रेन त्याने पहिल्याच दिवशी गॅलरीतून खाली टाकली. तिचा डावा हात मोडून गटारात गेला. नकला काढायला बापाच्या हाती उरली ती हीच. म्हणजे आमच्या रोबोची हिंदुस्थानात निवड झाली ती तो कोणालाच नको होता म्हणून. परदेशात त्याला काहीतरी नाव असणार. पण खोकं फेकून दिलेलं होतं, त्यामुळे इथे तो नुसता 'क्रेन'.

पहिल्या दिवशी आईने कामाची शिस्त म्हणून दोन डबे घेतले. एकात उजवे हात टाकायचे, दुसऱ्यात डावे. अर्धं पोतं रिकामं झालं तरी दुसरा डबा मोकळाच राहिला. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. तिने स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून पाहिले, मग माझे पाहिले. मग चार हात पिशवीत टाकले आणि मला घेऊन रे रोडला गेली.

"शेठ, डावा हात कुठाय?"

मालक जेवत होते. म्हणाले, "नमुन्याला डावा नव्हताच, बाई. उजव्याचाच साचा केला. दोन्हीकडे तोच लावा."

"पण दोन्ही हात उजवे दिसतात."

"पोरगा काय हात बघत बसणार?"

"पोरंच बघतात, शेठ. मोठ्यांना कुठे वेळ?"

मालकांनी ताक प्यायलं आणि सांगितलं की क्रेन झाल्यावर हात आतच जातात, तेव्हा काळजी नको. तेही पूर्ण खरं नव्हतं. डाव्या बाजूला लावलेला उजवा हात नीट मिटायचा नाही. क्रेन झाली की एका दारातून मूठ बाहेर राहायची, ड्रायव्हरने वळायला हात दाखवावा तशी.

बाबांना हे सगळं पसंत नव्हतं. खोलीभर भगवे रोबो पसरलेले असायचे आणि ते भिंतीकडे तोंड करून पेपर वाचायचे. कमिटीतलं कोणी दारात आलं तर ते बाहेर जाऊन बोलायचे आणि जाताना पडदा ओढून घ्यायचे. एकदा आईला म्हणाले, "साचेवाल्याच्या घरात बाहुले जोडतत! लोक काय म्हणतीत?"

आई म्हणाली, "लोक आपल्या घरात काय जोडतत ता बघून येवा."

खरं होतं. आमच्याच मजल्यावर राख्या, बिंदीची पाकिटं आणि पेनांची टोपणं अशी तीन खाती चालू होती.

मग एक पोतं परत आलं. लालबागच्या आणि दादरच्या दुकानदारांनी माल परत केला होता. रोबोची क्रेन व्हायची, पण क्रेनचा पुन्हा रोबो होत नव्हता. खांद्यातली पीन अडकायची. मालकांचा निरोप होता की दुरुस्त करून द्या, नाहीतर पुढचं पोतं दुसऱ्या चाळीत जाईल. आई कानस घेऊन बसली. एकेक खांदा घासायची. तासभर घासल्यावर दोन सुटले आणि एक मोडला.

बाबा खाटेवर होते. पेपर तोंडासमोर होता, पण पान काही उलटत नव्हतं. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"तसां नाय. पीन तिरकी जाता, म्हणान अडाकता."

"मगे सरळ करा," आई मान वर न करता म्हणाली.

ते खाली उतरले. रोबो हातात घेतला, कानाशी धरून हलवला, दोनदा उघडमीट केली. पंचवीस साच्यांच्या खडखडाटात आपला कुठला बिघडला ते आवाजावरून ओळखणारा माणूस. म्हणाले, "मधी कायतरी पातळ घालूक होया." इकडेतिकडे बघून त्यांनी दुधाच्या बाटलीचं पातळ पत्र्याचं चंदेरी बूच उचललं, दोनदा दुमडलं, कात्रीने त्याची गोल चकती कापली, मधे भोक पाडलं आणि खांद्यात बसवली. रोबोने हात वर केला आणि खाली आणला. पुन्हा वर केला. मी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "गप. दरवाजो उघडो आसा."

पुढचे दोन महिने मी रोज सकाळी चाळीतल्या प्रत्येक दारात जाऊन दुधाची बुचं गोळा करत होते. कशाला, असं कोणी विचारलं तर 'शाळेत हस्तकला आहे' असं सांगायचं ठरलं होतं. आमच्या शाळेइतकी हस्तकला मुंबईत कुठेच झाली नसेल.

हे मालकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी बाबांना गाळ्यावर बोलावलं. बाबा म्हणाले, "मी फक्त बघूक जातंय." ते बघायला गेले आणि पुढे बरीच वर्षं रोज बघायला जात राहिले. चाळीत त्यांनी 'मशीनरीचं काम' असं सांगितलं. कमिटीतल्या मित्रांना त्यांनी ठणकावून सांगितलं की आपण संपावरच आहोत. यात काही खोटं नव्हतं. तो संप कोणी मागे घेतलाच नाही. त्या हिशेबाने बाबा आजही संपावर आहेत.

गाळ्यावर गंमत अशी की तिथेही साचाच होता. प्लास्टिक ओतायच्या ठशालाही साचाच म्हणतात. पहिल्या दिवशी मालक हसून म्हणाले, "तुमचा साचा वेगळा, आमचा वेगळा." बाबांनी हसण्यात भाग घेतला नाही.

त्यांच्या डोक्यात डावा हात होता. चार पाच महिने त्यांनी मालकांच्या मागे टुमणं लावलं. मालक म्हणायचे, "चालतंय ना? मग?" चालतंय ते बरोबर असतं, ही कल्पना बाबांना साचाखात्यात कोणी शिकवली नव्हती. शेवटी त्यांनी लाकडाचा नमुना घरीच कोरला. अंगठ्याएवढा डावा हात. रोज संध्याकाळी खिडकीत बसायचे, स्वतःचा डावा हात समोर धरायचे आणि उजव्याने कोरायचे. मूठ जमेना, म्हणून मला कपाटाची कडी मुठीत धरून उभं राहायला लावायचे आणि माझी मूठ बघायचे. मी आठवीत गेले होते आणि मला या सगळ्याची लाज वाटायला लागली होती. मैत्रिणींना मी सांगितलं की बाबा मूर्तिकाम शिकताहेत.

मालकांनी अखेर डाव्या हाताचा साचा करून घेतला. दिवाळीच्या तोंडावर नवीन क्रेन बाजारात आली. या वेळी रंग निळा, कारण मालकांकडे बादल्यांचं निळं प्लास्टिक उरलं होतं. पण दोन हात, एक उजवा, एक डावा. मिटली की मूठ आत. कुठे फट नाही, कुठे अडत नाही. बाबांनी एक घरी आणली आणि पहिल्यांदाच दरवाजा उघडा ठेवून आम्हाला दाखवली. आईने ती हळद लावून देवासमोर ठेवली.

क्रेन खपली नाही.

दुकानदारांकडे पोरं यायची, क्रेन मिटून बघायची आणि विचारायची, "हात दाखवणारी नाही का?" दारातून बाहेर आलेली ती मूठ हीच काय ती त्या खेळण्यात गंमत होती. ड्रायव्हर वळताना हात दाखवतो म्हणून पोरं ती घेत होती. दादरच्या एका दुकानदाराने तर 'पहिली बरोबर होती, ही बिघडलेली आहे' अशी चिठ्ठी लिहून माल परत पाठवला. मालकांनी ती चिठ्ठी बाबांना वाचून दाखवली. मी कितीही वेळा विचारलं तरी त्यावर बाबा काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलेलं नाही.

एका हंगामात डावा हात बंद झाला. पुन्हा दोन उजवे आले, या वेळी लाल रंगात. मग खर्च वाचवायला सांधे काढून टाकले, तेव्हा तो रोबो रोबोच राहिला आणि जत्रेत शिट्टीबरोबर विकला जाऊ लागला. शेवटी त्याची नुसती क्रेन उरली, चहाच्या पाकिटाबरोबर फुकट. तीही कोणी मागितली नाही. गाळ्यावर कपड्यांचे चिमटे निघू लागले आणि बाबा निवृत्त होईपर्यंत चिमट्यांवर राहिले. चिमट्याला डावंउजवं नसतं.

मी नोकरीला लागले. चाळ पाडली, तिच्या जागी टॉवर झाला, त्यात आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. आईला लिफ्टची भीती वाटते, बाबांना कानाला यंत्र लागतं, बाकी दोघं ठीक आहेत.

मागच्या वर्षी ऑफिसात चहाच्या वेळी जुन्या खेळण्यांचा विषय निघाला आणि मी ही गोष्ट हसत हसत सांगितली. नवीन लागलेला एक तरुण हसला नाही. तो असली खेळणी जमवणारा निघाला. त्या रविवारी तो घरी आला. पिशवीतून डबा, डब्यातून कापूस आणि कापसातून एक निळी क्रेन काढून त्याने टेबलावर ठेवली.

"गिरगावात एका रद्दीवाल्याकडे मिळाली," तो म्हणाला. "जगात फार थोड्या उरल्यात. आमची सगळ्यांची मिळून एक यादी आहे, कुठली आवृत्ती कधी आली, कुठल्या रंगात आली. त्यात ही आहे." त्याने फोनवरून वाचून दाखवलं, "मुंबई आवृत्ती. मूळ रंग भगवा, दोन्ही हात उजवे. निळ्या मालात डावा हात चुकून वेगळा लागलेला. सदोष."

मी ते बाबांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं.

"सदोष?" बाबा म्हणाले. "ह्या कोणी लिवल्यान?"

"आजोबा, जाणकार लोक आहेत. अमेरिकेत, जपानमध्ये..."

बाबांनी क्रेन उचलली. तरुण अर्धवट उठला. "आजोबा, हळू, फार जुनी आहे, मोडेल..."

"मोडूची नाय." त्यांनी ती एका हाताने उघडली. टक, टक, टक. रोबो उभा राहिला. तसाच पुन्हा मिटवला. "हो हात बरोबर आसा. चुकीचे ते बाकीचे."

मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. गॅलरीतून पडलेली क्रेन, खांद्याची पीन, खिडकीतलं कोरीवकाम, दुकानदाराची चिठ्ठी. तास झाला. आईने दोनदा चहा केला. तरुण भराभर लिहून घेत होता. शेवटी जरा ओशाळून म्हणाला, "यादीत बदल करायला पुरावा लागतो. एखादा फोटो, कागद, मालकांचं पत्र?"

मालक वारले होते. गाळ्याच्या जागी गोदाम आहे. लाकडाचा नमुना चाळ पाडताना कुठे गेला कोणाला माहीत. आई म्हणाली, "हिची मूठ बघा. हिचीच आसा ती." तरुणाने सभ्यपणे माझ्या हाताकडे पाहिलं. पन्नाशीच्या बाईची मूठ, मनगटात बांगड्या अडकलेल्या. त्याने तिचा फोटो काढला, पण तो कोणाला पाठवायची त्याची हिंमत झाली असेल असं वाटत नाही.

महिन्याभराने त्याचा निरोप आला. यादीत बदल झाला होता. मी बाबांना वाचून दाखवलं, "निळी आवृत्ती. डावा हात वेगळा. एका माजी कामगाराच्या म्हणण्यानुसार हाच योग्य."

बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

"योग्य आसा तर 'म्हणण्यानुसार' कित्याक?"

"बाबा, पुरावा नसला की तसं लिहितात."

"आणि ज्यांनी सदोष म्हटल्यानी, त्यांचो पुरावो खंय आसा?"

मी तो प्रश्न त्या तरुणाला जसाच्या तसा पाठवला. त्याने हसणारं तोंड पाठवलं. बाबांनी विचारलं, काय म्हणतो? मी म्हटलं, कळवतो म्हणाला. त्यावर ते समाधानाने मान हलवून, कानातलं यंत्र काढून दुपारचे झोपले.