माझ्या नावाच्या नळीतलं रक्त

लिहावं की नको, हेच बरेच दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. गावात कुणाच्या अंगात आलं की सगळ्यात आधी हसणारीही मीच...

हिंजवडीत आयटीच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा मी चंद्रपूरकडच्या खेड्यातून पुण्यात एमएस्सीला आले. प्रोजेक्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर मिळाला. डीएनएमधलं एक अक्षर बदललं की हा आजार. एक एन्झाइम निरोगी डीएनए ठरावीक जागी कापतं. अक्षर बदललेलं असेल तर कापत नाही. म्हणून डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या जेलवर निरोगी माणसाचे दोन पट्टे दिसतात; आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या, स्वतः आजारी नसलेल्या वाहकाचे तीन. तुलनेला ‘नॉर्मल’ म्हणून विद्यार्थ्याने स्वतःचंच रक्त वापरायचं, ही लॅबची पद्धत.

माझ्या नळीचे तीन पट्टे आले.

प्रोजेक्टच्या गाइड मॅडमना वाटलं, मी रक्त मिसळवलं. म्हणाल्या, “स्वतःची नळी सांभाळता येत नसेल, तर दुसऱ्यांच्या रक्ताला हात लावू नये आपण.”

पण मिसळणार कशाशी? सिकलचा एकही नमुना अजून लॅबमध्ये आलाच नव्हता. बाकीचे नमुने नीट कापले गेले होते. त्याच नळीतून तीनदा केलं — तीनदा तेच.

मी वाहक, तर धाकटी बहीण सुनीताही असू शकते... आणि तिचं लग्न महिन्यावर आलेलं. मी एसटीडी बूथवरून बाबांना फोन केला.

“काहून वं? पत्रिका वाटून झाल्या, अन् आता रक्त तपासाचं?”

मी रडले, तेव्हा कुठे ते तयार झाले. नागपूरला तपासणी झाली. सुनीता वाहक. नवरा मुलगाही वाहक. म्हणजे होणाऱ्या मुलाला पूर्ण आजाराची भीती. त्याच्या घरच्यांनी लग्न मोडलं. सुनीताला तो फार आवडला होता.

त्यानंतर मॅडमनी माझं ताजं रक्त घ्यायला लावलं. दोन पट्टे. मी निरोगी! लॅबमधल्या प्रत्येकाचं रक्त तपासलं — सगळे निरोगी.

“नळी बदलली असेल. विषय संपवा,” मॅडम म्हणाल्या. मानलं असतं... पण कोणाशी बदलली?

सुनीताला फोनवर सगळं खरं सांगितलं.

“ताई, तुयं रक्त तं चांगलं निघालं. मंग त्या नळीत कोणाचं होतं?”

“माहीत नाही गं.”

“मायं तं नाही ना? मी तं पुण्याले कधी आलीच नाही.”

एवढं बोलून तिने फोन ठेवला. तिला मी वाचवलं की तिचं वाटोळं केलं, मला कळत नाही. त्या तीन पट्ट्यांचं उत्तर आजही माझ्याकडे नाही, आणि ते मिळेपर्यंत ती माझ्याशी बोलेल असं वाटत नाही.