कॅनडाचा सुप्रसिद्ध नट माह्या गाडीवर: अकोला, अमरावती आन एक फ्लेक्स

राजेहो, आधीच्या ट्रिपा मी ठरवून केल्या. ही ट्रिप माह्या एका खोडीनं ठरवली.

मी तेल्हाऱ्यात फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करतो. बारावीले दोनदा बसलो, तिनं दोन्ही वेळा मले वापस पाठवलं, म्हणून हा धंदा. अकोल्याचे वकीलआबा म्हंजे आमच्या घरचेच समजा. माह्या आजोबाची बांधाची केस त्यायनं लढली. केस संपली, येणंजाणं राहिलं. त्यायचा नातू ईशानदादा आठ वर्षांचा असताना मायबापासंग कॅनडात गेला, आन आता तिथी ॲक्टर हाय म्हणे. तो अकोल्याले आलता, त रविवारी ज्येष्ठ नागरिक मंडळानं त्याचा सत्कार ठेवला. आबांनी फोनवर मजकूर सांगितला, "लिही गजू. कॅनडास्थित अभिनेते श्री. ईशान यांचा सत्कार."

आता तुमीच सांगा, 'कॅनडास्थित' हा काय शब्द हाय? असा शब्द टाकला त मानूस नट कमी आन पेन्शनर जास्त वाटते. मी टाकलं: 'कॅनडाचे सुप्रसिद्ध अभिनेते, हजारो भूमिकांचे धनी'. मांगं बर्फाचा डोंगर लावला, दादाच्या फोटोले काळा गॉगल घातला. दोन फ्लेक्स अकोल्याच्या चौकात लागले बी, तिसरा स्टेजसाठी ठेवला.

बुधवारी आबांचा फोन आला. मले वाटलं शिव्या देतीन. पन वकील मानूस शिव्या देत नाही, त्याच्याहून वाईट करते.

"गजू, तू जे लिहिलंस ते आता तूच सिद्ध करायचं. शुक्रवारी ये. गाडी घेऊन ये."

शुक्रवार: तेल्हारा ते अकोला, मंग बार्शीटाकळी

सकाळी आठले निघालो. अकोटवरून गेलं त दोन तास धरा. मधात रस्ता खोदून ठेवेल हाय, तोंडाले दुपट्टा बांधा, नाहीत अकोल्यात पोचल्यावर तुमाले कोनी वळखनार नाही. कापूस वेचनी चालू हाय, दोन्ही बाजूनं वावरं पांढरीफेक.

आबांचं खाली ऑफिस, वर घर. मले म्हणाले, "चल वर, फाईल दाखवतो." मी पुढं, ते मांगं. जिन्यात अर्ध्यावर थांबले आन आमच्या बांधाच्या केसची एक गोठ सांगू लागले. ते पाटलाच्या साक्षीदारानं निंबाचं झाड कसं इकडचं तिकडं केलं ते. वरच्या दारात दादा उभा राहून ऐकत व्हता. गोठ झाल्यावर आबा कठडा धरून वर आले. "गुडघा," म्हणाले. मले वाटलं, वकील जिथी थांबन तिथी बोलनच.

फाईल पाहून मी चक्रावलो. लाल नाडी बांधलेली, कोर्टाची असते तशी जाडजूड. आत सगळे कॅनडाचे नट! पेपरातले कात्रनं, फोटो, एकेकाचा अख्खा इतिहास. नातू तिथी गेल्यापासून आबा हे जमा करून राहिले. नावं मले बोलता येत नाहीत, म्हणून मी आपली ठेवली: लंबू, टकलू, रडका, आन एक हनुवटीवाला.

"हे सगळे जगाला अमेरिकेचे वाटतात," आबा म्हणाले. "हा बघ, आधी गाडीतून सामान पोचवायचा. हा अकरा वर्षं नुसता मागे उभा राहिला. हिला चाळिशीत पहिलं मोठं काम मिळालं. सगळे कॅनडाचे! पण सांगतो कोण?"

फाईलच्या शेवटी एक कोरा कागद व्हता. वर आबांच्या अक्षरात 'ईशान'. खाली काहीच नाही.

दादा आत गेला तवा आबांनी दार लोटलं. "मी सगळीकडे शोधलं. याचा चेहरा कुठेच सापडत नाही. विचारलं तर 'काम चालू आहे आबा' म्हणतो. रविवारी अकरा वाजता मला उभं राहून याची ओळख करून द्यायची आहे. मी चाळीस वर्षांत कोर्टात खोटं बोललो नाही, मंडळातही बोलणार नाही. आणि नातवाला चारचौघांत खाली बघायलाही लावणार नाही. तू त्याला फिरव आणि पुरावा आण."

म्हंजे खोडी माही, आन फास आबांच्या गळ्यात.

दुपारी दादाले घेऊन बार्शीटाकळीले गेलो. अकोल्याहून अर्धा-पाऊण तास. तिथलं जुनं दगडी देऊळ पाहाच. खांब असे कोरले का मानूस पाहून पाहून मान धरते. देवळाबाहेर चहाच्या टपरीवर मी मुद्दाम मोठ्यानं म्हनलं, "भाऊ, चहा चांगला देजो, हा कॅनडाचा हिरो हाय."

चहावाल्यानं दादाले वरून खालपर्यंत पाहलं. दादा तिशीतला, अंगानं बारीक, साधा शर्ट. "कोन्या पिच्चरमधी हाये?"

"पिच्चरमधी नाही जी," दादा म्हणाला. त्याची मराठी आठ वर्षांच्या पोराची हाय, आजीसंग फोनवर बोलून टिकेल, म्हणून निखालस वऱ्हाडी. "मी दवाखान्यात असतो."

"दवाखान्यात? काहून?"

"दर मंगळवारी मले छातीत दुखते. गुरुवारी उदास राहतो, जेवत नाही. कधी कधी मरतो बी."

चहावाल्यानं माह्याकडं पाहलं, मी चहावाल्याकडं. त्यानं मंग चहात साखर जरा जास्तच टाकली, आन पैसे घेतले नाहीत. जाताना माह्या कानात म्हणे, "सांभाळून ने बावा याले."

रात्री मले झोप लागली नाही. हा मानूस ॲक्टर हाय का पेशंट हाय? आबांले सांगू त काय सांगू?

शनिवार: अमरावती

अकोला ते अमरावती आता मक्खन रस्ता झाला. गाडीवर दोन तास, मूर्तिजापूर मधात. पेट्रोल अकोल्यातच भरून घ्या. मूर्तिजापूरच्या पुढं एका ढाब्यावर थांबलो. झुणका, भाकर, ठेचा, दोघांचे दोनशेच्या आत.

मी मनाशी ठरवलंच व्हतं, आज छडा लावायचा. "दादा, ॲक्टर हायस ना? मंग करून दाखव न काहीतरी. आत्ता. हितीच."

"आधी सांगून करू का न सांगता?"

"सांगून करण्यात काय मजा?"

दादा हासला. भाकर खाऊ लागला. मी बी इसरलो. पाच मिनटानं त्याच्या हातातून ग्लास सुटला. मी म्हनलं, "सांडलं बे दादा!" तो काही बोलाले गेला त शब्दच निघेना. तोंड एका बाजूनं खाली वघळलं. उजवा हात टेबलावर मेल्यासारखा पडेल. डोये माह्यावर, आन त्या डोयात अशी भीती, का मी आजवर कोनाच्याच डोयात पाहली नाही.

राजेहो, मी लोकायले लय घाबरवलं. बहिनीच्या टिफिनात रबराचा विंचू ठेवला, मास्तरच्या खुर्चीखाली पिपाणी बांधली. पन त्या टायमाले मी सरळ रडलो. "दादा! अरे दादा! कोनी गाडी काढा रे!"

ढाब्याचा मालक गल्ल्यावरून उडी मारून आला. चावी हातातच. "उचला त्याले! मूर्तिजापूरले नेतो, दहा मिनटात!"

तेवढ्यात दादा उठून सरळ बसला. "माफ करा जी. या गजूले मी ॲक्टिंग करून दाखवली. गाडी नोको."

मालकाचा हात वर झाला, वाटलं आता देते एक. पन तो हात खाली आला आन मालक समोरच्या खाटेवर बसला. "अशी गंमत करते का कोनी?" म्हणे. मंग म्हणे, "माह्या बुढ्याचं तोंड असंच झालतं. आमाले वाटलं थकला असन. निजवून ठेवलं त्याले."

दादा त्याच्यापाशी जाऊन बसला. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलनं अडखळलं, त थांबाचं नाही, सरळ दवाखाना, हे त्याले सारं करून दाखवलं. मालकानं दोन्ही पोऱ्यायले बोलावलं. "पाहा रे तुमी बी." मी तिथी उभा राहून डोये पुसून राहिलतो आन मले काही समजून नव्हतं राहिलं. खोडी कोनी कोनाची केली?

अमरावतीत अंबादेवीचं दर्शन घेतलं. शनिवारी गर्दी कमी व्हती, अर्ध्या तासात बाहेर. मंग गिला वडा. अमरावतीले जाऊन गिला वडा नाही खाल्ला त गेलेच नाही समजा. दह्यात भिजेल, वरून तिखट चटनी, एका प्लेटीत पोट भरते. छत्री तलावाच्या काठावर बसलो तवा दादानं सगळं सांगितलं.

तिथी डॉक्टरकीच्या पोरायले शिकवाले खोटे पेशंट लागतात. ते काम नट करतात. दादाले एक कागद देतात: तू कोन, वय काय, दुखते कुठी, आन लपवाचं काय. मंग एकामागून एक पोरं येतात, प्रश्न पुसतात. दादा दिवसाले दहा-बारा वेळा तेच दुखणं दुखते, सारखंच, कमी नाही जास्त नाही. दहा वर्षं झाले.

मी मोबाईलवर हिशोब केला आन चाट पडलो. हजारो भूमिका! मी गंमतीत लिहेल शब्द खरे निघाले राजेहो.

"आन पिच्चर?"

"दोनदा मांगं उभा राहिलो. आमचं शहर पिच्चरमधी सदा दुसरं शहर बनते. दुसऱ्या गावच्या टॅक्स्या आणतात, भिंतीवर दुसऱ्या गावच्या पाट्या ठोकतात." दादा हासला. "तिथी गावच ॲक्टिंग करते, मानसाचं काय घेऊन बसला?"

"मंग तुले वळखते कोन?"

"डॉक्टर वळखतात. बसमधी भेटले त म्हणतात, तू तो पोटदुखीवाला न? नाव कोनाले माहीत नाही."

मी पुसलं, "आबांले काहून नाही सांगितलं?"

दादानं तलावात एक गोटा फेकला. "त्या फाईलमधी पेशंटले जागा हाय का?"

संध्याकाळी अकोल्यात आबांले सांगितलं. ऐकून घेतलं त्यायनं. "म्हणजे दवाखान्यात आजारपणाचं सोंग घेतो." येवढंच बोलले आन जिन्याकडं पाहत बसले. वर गेले नाहीत. ऑफिसातच खाट टाकेल व्हती.

रविवार: सत्कार

मंडळाच्या हॉलमधी पन्नासेक म्हातारे-म्हाताऱ्या. स्टेजवर माहा तिसरा फ्लेक्स. शाल, श्रीफळ, गुच्छ, आन एक रिटायर डॉक्टर अध्यक्ष. आबा माईकपाशी उभे राहिले. 'सुप्रसिद्ध' शब्दाकडं पाठ करून म्हणाले, "माझा नातू अभिनय करतो, असं मला सांगण्यात आलं आहे." खाली बसले.

दादाचं तोंड उतरलं. 

दादा उठला. भाषण केलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका काकांचा मफलर मागून घेतला, खुर्ची मधात ओढली आन बसला. बसला तो तीस वर्षांचा, आन बसल्यावर सत्तरीचा झाला. माहा डोया त्याच्यावरच व्हता, पन केव्हा झाला ते दिसलं नाही. "मी पेशंट हावो," म्हणे, "पुसा काय पुसाचं ते. काय झालं ते वळखा."

अध्यक्ष डॉक्टर खुशीत पुढं आले. "काय होतंय?"

"गुडघा जी. दुसरं काही नाही."

डॉक्टरांनी गुडघ्याचं सगळं पुसलं. सूज हाय का, मांडी घालता येते का, थंडीत वाढते का. दादा सरळ उत्तरं देऊन राहिला. "संधिवात," डॉक्टर म्हणाले. टाळ्या.

"नाही जी," दादा म्हणाला.

एक आजी मांगून वरडली, "सुनेचा त्रास असन!" सगळा हॉल हासला. तेवढ्यात आबा उभे राहिले. वकिलाले कोनी खोटा साक्षीदार दाखवला का त्याच्यानं बसवत नाही.

"तुमच्या घराला जिना आहे?"

"हाय."

"चढताना मधेच थांबता?"

"थांबतो."

"गुडघा दुखला म्हणून?"

"हो जी."

"मग कोणता गुडघा? मघाशी डॉक्टरांना डावा दाखवलात, आत्ता हात उजव्यावर आहे."

दादानं हात उचलला. "थांबल्यावर मी गोठी सांगतो जी. मानसं ऐकत राहतात."

"गोष्ट सांगता, कारण पुढे चढवत नाही! छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, डाव्या खांद्यात कळ येते, दोन मिनिटं थांबलं की जाते. म्हणून कोणाला सांगत नाही. म्हणून खाट खाली ऑफिसात..."

आबा थांबले.

 दादानं खुर्चीतूनच, सत्तरीच्याच आवाजात हळू पुसलं, "तुमाले कसं माहीत जी?"

आबांनी खुर्चीचा हात धरला आन खाली बसले. अध्यक्ष डॉक्टर आपल्या पेशंटले सोडून आबांपाशी गेले आन त्यायचं मनगट हातात घेतलं.

घरी

सोमवारी आबांले ॲडमिट केलं. हृदयाची एक नळी बंद व्हत आलती, वेळेवर आले म्हणाले तिथले डॉक्टर. दादा विमानाची तारीख पुढं ढकलून तिथीच राहिला. मी पुसलं, "दादा, तुले जिन्यातच समजलं व्हतं न?" तो म्हणे, "मी डॉक्टर नाही गजू. मले जे येते ते केलं." हो म्हणाला का नाही, मले अजून समजलं नाही.

पंधरा दिवसांनी आबांले भेटाले गेलो तवा त्यायनं नाडीची फाईल काढाले लावली. शेवटचा कागद कोरा नव्हता. 'ईशान' लिहेल त्याच्या खाली ईसीजीची लांबलचक पट्टी चिकटवेल व्हती, त्यायची सोताची. "पुरावा," आबा म्हणाले. "बाकी सगळी ऐकीव माहिती आहे."

चौकातला एक फ्लेक्स मी काढून तेल्हाऱ्यात आणला. चांगला जाड हाय, ओसरीतल्या कापसावर झाकाले कामी येते. फ्लेक्सवरला दादा गॉगल घालून कापसाच्या ढिगावर झोपेल असते, 'सुप्रसिद्ध' सकट. त्या शब्दाले आता मी हात लावत नाही.

काल बाबासंग वावरात गेलतो. बांध चढताना बाबा मधातच थांबले.

"काय पाहून राहिले?" मी पुसलं.

"काही नाही बे. कापूस कसा फुटला ते पाहतो."

कापूस खरंच लय फुटेल हाय यंदा. बाबाले रोजच कापूस पाहाची सवय हाय. पन मले काही समजून नाही राहिलं. मी तिकडं पाहलंच नाही, बाबाच्या तोंडाकडं पाहत उभा राहिलो, आन मनात मोजाले लागलो, किती वेळानं पुढचं पाऊल टाकतात ते.