कंटेनरमधली ओटी

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाहिला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. फोटोत पाच बाया हसत उभ्या होत्या. त्यांच्या मागे कंटेनरचं उघडं दार, दारापर्यंत रचलेल्या तूरडाळीच्या थैल्या, आणि सगळ्यात वरच्या थैलीवर हिरवा खण. खणावर नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड. खाली लिहिलं होतं, 'आमची डाळ चालली ऑस्ट्रेलियाले.'

तो कंटेनर आदल्या दिवशी दुपारी दर्यापुरात भरून सीलबंद झाला होता. मी फोटो पाहिला तेव्हा ट्रेलर समृद्धी महामार्गावर शिर्डीच्या आसपास होता.

मी फ्रेट फॉरवर्डर आहे. अकोल्यात सव्वीस वर्षं हेच करतो. लोक आम्हाला ट्रान्सपोर्टवाले समजतात. पण ट्रक आमचा नसतो, जहाज आमचं नसतं आणि मालही आमचा नसतो. जहाजावर जागा मिळवायची, रिकामा कंटेनर मागवायचा, कस्टमचे कागद करायचे, समोरच्या देशाचे नियम सांभाळायचे आणि इथल्या गोदामातला माल तिकडच्या गोदामात पोचवायचा, हे आमचं काम. मध्ये काही बिघडलं की शिव्या खायला एक माणूस लागतो. तोही आम्हीच पुरवतो.

धंदा कसा चाललाय असं कुणी विचारलं तर मी आधी समोरच्याला वेळ आहे का ते बघतो. तांबड्या समुद्रात गडबड सुरू झाली तशी युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. वळसा पडला की जहाज उशिरा परततं, रिकामे कंटेनर उशिरा येतात, आणि मेलबर्नला जाणाऱ्या डाळीलाही कंटेनर मिळत नाही, जिचा आफ्रिकेशी काही संबंध नाही. बुकिंग झालेला माल शेवटच्या क्षणी पुढच्या जहाजावर ढकलला जातो. त्यात मोठ्या जहाज कंपन्यांनी स्वतःचे अ‍ॅप काढले. व्यापारी घरबसल्या जागा बुक करतो आणि मला विचारतो, तुमी काहून पाहिजे मंग? अकोल्यातल्या माझ्या ओळखीच्या दोघांनी ऑफिसं बंद केली. मला राग येतो, खोटं कशाला सांगू. पण याच दिवसांत अशी गिऱ्हाइकं दारात यायला लागली, जी पूर्वी कधी आलीच नसती.

दर्यापूरची ही कंपनी त्यातलीच. तालुक्यातल्या चौदा गावांच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली. अध्यक्ष सुनंदाताई. पन्नाशीच्या, चार एकरांत तूर आणि सोयाबीन. त्याआधी बरीच वर्षं त्या अकोल्याच्या एका दालमिलमध्ये डाळ निवडायला जात. कंपनीचा सीईओ प्रफुल, बीएस्सी अ‍ॅग्री झालेला, हुशार आणि घाईचा. इतकी वर्षं यांची डाळ दुसऱ्याच्या नावाच्या पिशवीत जायची. आता स्वतःची मिल, स्वतःची पिशवी, आणि मेलबर्नच्या एका किराणावाल्याची पहिली ऑर्डर. त्यानं स्पष्ट कळवलं होतं, पहिला कंटेनर तिकडच्या तपासणीतून विनातक्रार सुटला तर वर्षभर माल घेईन. अडकला तर पुन्हा विचारू नका.

आणि ऑस्ट्रेलियाची तपासणी म्हणजे साधी गोष्ट नाही. तिथे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक दाण्याची, पानाची, काडीची चौकशी होते. कीड येऊ नये म्हणून. या खात्याला क्वारंटाइन म्हणतात. कागदावर फक्त डाळ लिहिली असेल आणि आत नारळ निघाला, तर तो त्यांच्या लेखी लपवून आणलेला माल. डाळीच्या थैल्यांना आम्ही दर्यापूरच्या गोदामातच ताडपत्रीखाली कीडनाशक गॅस दिला होता. ओटीतल्या तांदळाला कुठला दिलेला असणार?

चूक माझी होती. लोडिंगच्या दिवशी मी हजर होतो. ट्रेलरच्या पुढच्या चाकाशी नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं. ते सगळं बाहेर होतं, माझी हरकत नव्हती. शेवटच्या दोन रांगा राहिल्या तेव्हा प्रफुल म्हणाला, रोडगे थंड होऊन राहिले सर. वांग्याच्या भाजीचा वासही आला होता. मी जेवायला गेलो. परत आलो तेव्हा दार बंद, सील जागेवर. नंबर तपासला आणि अकोल्याला निघालो. मी बौद्ध घरातला. ट्रकसमोर फुटणारे नारळ जन्मभर पाहिले, त्यामुळे त्यांच्यावर नजर ठेवायचं कळत होतं. पण आमच्या घरात ओटी भरत नाहीत. बाया कंटेनरची ओटी भरतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

प्रफुलला फोन लावला. तो आधी हसला. मग माझा आवाज ऐकून समजावायला लागला.

"राहू द्या ना सर. एवढ्या थैल्यांत एक नारळ कोणाले दिसते?"

"दार उघडलं का पहिले तोच दिसते," मी म्हणालो.

मग त्यानं दुसरा उपाय काढला. ड्रायव्हरला ढाब्यावर थांबवू, सील तोडू, ओटी काढू, नवीन सील ठोकू. हे सुचवणारा तो पहिला नाही. सील म्हणजे नुसतं कुलूप नव्हे. त्यावर नंबर असतो, तो कस्टमच्या कागदात चढलेला असतो. रस्त्यात सील तुटलं की तो कंटेनर संशयित झाला. मग आत काय होतं याची शपथ कुणी कितीही घ्या. मी त्याला जरा जास्तच झापलं. नंतर वाईट वाटलं, कारण जेवायला गेलेला मी होतो.

उरला एकच रस्ता. बंदराजवळच्या यार्डात कंटेनर थांबवायचा, कस्टमला आपणच जाऊन सांगायचं, त्यांच्यासमोर उघडायचा. शनिवारी दुपारी बारा ही जहाजाची कट-ऑफ, म्हणजे त्याआधी कंटेनर बंदराच्या गेटातून आत गेला पाहिजे. बारा वाजून पाच मिनिटांनी गेला तर तो पुढच्या जहाजाचा. आणि पुढच्या जहाजावर जागा मिळेल याची खात्री त्या दिवसांत कुणीच देत नव्हतं.

थोड्या वेळानं सुनंदाताईंचा फोन आला. प्रफुलनं त्यांना सांगितलं होतं. त्या रागावल्या नव्हत्या, पण आवाज बसला होता. पाच गावच्या पाच जणींनी एकेक मूठ तांदूळ टाकून ओटी भरली होती. कल्पना त्यांचीच.

"लेकीची ओटी कोणी वापस घेते का, सर?" त्या म्हणाल्या.

मी ऑस्ट्रेलियाचा नियम पुन्हा सांगायला लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"नियम समजला मले. चौदा गावाची तूर हाये त्याच्यात. तुमी गाडी काढा. माया हातानं भरली, मीच काढीन."

मी नको म्हणालो. यार्डात बायांना बसायला जागा नसते, ऊन असतं, तासन्‌तास थांबावं लागतं. त्यांनी ऐकलं नाही. अकरा वाजता दर्यापुरातून त्यांना घेतलं आणि रात्री आम्ही पनवेलला पोचलो. रस्ताभर त्यांनी मला माझ्या धंद्याबद्दल इतके प्रश्न विचारले, की इतके मला कुठल्या एक्सपोर्ट मॅनेजरनं कधी विचारले नव्हते.

गुरुवारी सकाळी कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहिलो. बिहारकडचे गृहस्थ. माझा अर्ज त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, कंटेनरमध्ये धार्मिक वस्तू म्हणजे नेमकं काय? मी समजावू लागलो तर ते सुनंदाताईंकडे पाहू लागले. ताई म्हणाल्या, "साहब, बेटी को बिदा करते ना, वैसा किया. गलती हो गई."

त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाले, "लोग पकड़े जाने के बाद आते हैं. आप पहले आ गए. बैठिए."

सही व्हायला तीन तास लागले. नियम नियमच असतो. पण सही झाली.

दुपारी एकला सील कापलं. दार उघडलं तेव्हा खण आणि नारळ वरच्या थैलीवरून घसरून कोपऱ्यात पडलेले होते. ताईंनी नारळ, सुपारी, हळकुंडं गोळा केली, खणात गुंडाळून बाजूला ठेवली. तांदूळ मात्र सहाशे किलोमीटरच्या हादऱ्यांनी थैल्यांच्या फटींत उतरले होते. यार्डाच्या हमालांनी शेवटच्या तीन रांगा बाहेर काढल्या, खाली झाडू मारला. आपल्याकडच्या क्वारंटाइन खात्याचा इन्स्पेक्टर आत गेला आणि बोट दाखवून बाहेर आला. लाकडी फळ्यांच्या फटीत तांदळाचे दाणे होते.

पुन्हा झाडलं. त्यानं पुन्हा दाखवले. हमाल वैतागले. मी घड्याळ बघत होतो. कंटेनर साफ झाल्यावर त्याला पुन्हा पूर्ण एक दिवस गॅस द्यावा लागणार होता. त्या दिवशी गॅस सुरू झाला नाही, तर शनिवारची कट-ऑफ गेली.

तेवढ्यात ताईंनी चपला काढल्या, पदर खोचला, खराट्याची एक काडी मोडून घेतली आणि आत जाऊन बसल्या. मी मोबाइलचा टॉर्च धरला. फळीच्या फटीत काडी घालायची, दाणा वर उचकायचा, चिमटीनं उचलायचा. डाळीत खडा शोधण्यात ज्यांची वर्षं गेली त्यांचे ते हात. जिथं मला फक्त लाकूड दिसत होतं तिथं त्यांना दाणा दिसत होता. इन्स्पेक्टरही वाकून बघायला लागला.

पाऊण तासानं त्यांनी सगळे तांदूळ एका कागदावर ओतले आणि मुठीनं मोजायला घेतले. पाच मुठी टाकल्या होत्या, पाच निघाल्या पाहिजेत. चार भरल्या. पाचवी अर्धीच राहिली.

"झालं ताई, साफ आहे," मी म्हणालो. मला खरंच कुठं काही दिसत नव्हतं. इन्स्पेक्टरनंही पेन काढलं होतं.

"नाही झालं. अर्धी मूठ कमी भरून राहिली."

मी चिडलो. मुठीचं कसलं माप, एखादीचा हात लहान असेल, असं म्हणालोही. त्यांनी वर पाहिलंच नाही. आत राहिलेल्या थैल्यांच्या पहिल्या रांगेवर हात फिरवत गेल्या. एका थैलीचं तोंड शिवताना कापड दुमडलं गेलं होतं. ती घडी त्यांनी उलटली. आत तांदूळ होते, अर्धी मूठ, व्यवस्थित खिशात ठेवल्यासारखे. मेलबर्नमध्ये थैली उचलली असती तेव्हा ते तिथल्या इन्स्पेक्टरच्या पायाशीच सांडले असते.

मी त्यांची तिथेच माफी मागितली. त्या म्हणाल्या, टॉर्च नीट धरा.

थैल्या परत आत रचून चार वाजता गॅस सुरू झाला. शुक्रवारी रात्री कंटेनर उघडून गॅस बाहेर सोडला, नवीन सील लागलं, कागदांत नवीन नंबर चढला. शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कंटेनर गेटातून आत गेला. ताई गुरुवारीच गावी परतल्या होत्या. जाताना ओटी सोबत नेली आणि बाकीच्या चौघींना बोलावून, काय झालं ते न लपवता सांगितलं. दोघी नाराज झाल्या. एकीनं अपशकुन म्हटलं. ताईंनी त्याच तांदळाचा भात करून सगळ्यांना जेवू घातलं, असं प्रफुलनं मला कळवलं.

जहाज आठवडाभर उशिरा पोचलं. मेलबर्नमध्ये आमचाच कंटेनर पूर्ण तपासणीसाठी निवडला गेला. तिथल्या एजंटनं कळवलं की एकूणएक थैली बाहेर काढून पाहिली. ते चार दिवस मी नीट झोपलो नाही. पाचव्या दिवशी एका ओळीचा मेल आला. माल सोडला. किराणावाल्यानं वर्षाची ऑर्डर पाठवली. प्रफुलनं पुढचं बुकिंग अ‍ॅपवर स्वतः केलं आणि मग मला फोन केला, सर, लोडिंगच्या दिवशी तुमी येसान ना? मी हो म्हणालो. धंद्यात आता हेच उरेल बहुतेक, आणि ते कमी नाही.

मध्यंतरी अकोटच्या एका शेतकरी कंपनीनं मला बोलावलं. त्यांचा पहिला कंटेनर जायचा होता. मी सुनंदाताईंना सोबत नेलं. मी लॅपटॉप उघडून अर्धा तास नियम सांगितले. लोक सभ्यपणे ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. शेवटी एका बाईनं विचारलं, मंग पूजा करायचीच नाही का?

ताई उठल्या. स्वतःची सगळी गोष्ट सांगितली, अर्ध्या मुठीसकट. मग म्हणाल्या, "करा ना पूजा. मनापासून करा. पण दारापातुर देव, आत फक्त माल."

पुढच्या महिन्यात अकोटचा कंटेनर भरला गेला. पूजा झाली, उंबऱ्याच्या अलीकडे, अगदी हातभर अंतर ठेवून. सव्वीस वर्षांत मी हे कुणाला चार शब्दांत सांगू शकलो नव्हतो. आता कुठंही पहिला कंटेनर असला की मी लॅपटॉप घरी ठेवतो आणि ताईंना घेऊन जातो.