मीठ, कोळसा आणि नानांची सही

भडगावच्या आमच्या वाचनालयात मी साहाय्यक ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी एक शब्दही बोलले नव्हते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि वाचनालयाचा संगणक कक्ष विनामोबदला सांभाळणारे भिकननाना पाटील माझ्या कपाटाजवळ थांबले आणि म्हणाले, "बेटा, तू ग्रंथपाल शेस का ग्रंथ?" मी हसले. नानांशी परिचय झाला तो असा. आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहिताना मात्र मनात अपराधाची भावना आहे.

नानांच्या कामात कमालीचा नेटकेपणा असे. तारांचे कापलेले तुकडे ते स्वतः वेचून खिशात घालत. एकदा संथ इंटरनेटमुळे एका मुलीचा परीक्षेचा अर्ज भरला जाईना, तेव्हा नाना तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन एसटीने जळगावला गेले. परतल्यावर त्यांनी समितीकडे हट्टच धरला, की वाचनालयाला लीज्ड लाइन हवी. केवळ आपल्यासाठी राखलेली इंटरनेटची जोडणी.

मंजुरी मिळाली. आपल्या इमारतीत कोणते साहित्य लागेल, त्याची यादी नानांनी मला तोंडी सांगितली. राउटर, स्विच, लोखंडी रॅक, यूपीएस. शेवटी म्हणाले, "आनि अर्थिंग. मांगे खड्डा, त्याम्हा मीठ, कोळसा नि तांबानी पट्टी." शाळेत निबंधाला नेहमी पहिला क्रमांक मिळवलेल्या मला राउटरच्या खाली मीठ-कोळसा लिहिणे वाणसामानाच्या यादीसारखे वाटले. ते कशासाठी, हे विचारण्याचा धीर झाला नाही. मी ती ओळ गाळली. "बठ्ठं लिखं ना, बेटा?" सगळे लिहिले ना, एवढे विचारून नानांनी न वाचताच सही केली आणि ते लेकीकडे पिंपळनेरला गेले.

लाइन यादीप्रमाणे बसली. तीन आठवड्यांनी जवळच वीज कोसळली आणि सारी उपकरणे जळाली; तो विजेचा लोळ जमिनीत उतरवणारे अर्थिंगच नव्हते. अर्जांची मुदत संपत आलेली; मुले पुन्हा जळगावच्या एसटीत बसली. नाना परतल्यावर बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "नाना, हयात टेलिफोनमध्ये गेली आणि अर्थिंग विसरलात? वय झालं आता." नानांनी यादी उचलली, माझ्या अक्षराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "चुकी मन्ही शे," म्हणाले, आणि संगणक कक्षाची किल्ली टेबलावर ठेवली. इतिवृत्त मी लिहीत होते. 'नानांनी चूक मान्य केली' हे वाक्यही मी सुवाच्य अक्षरात लिहिले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दाराशी नानांना पाहून मला रडू फुटले, तर ते म्हणाले, "येडी, तुनी नोकरी नवी शे. मन्हं काय जास?"

त्यांचे काय गेले, ते मी रोज पाहते. नाना आता फक्त वर्तमानपत्र वाचायला येतात आणि संगणक कक्षापुढून जाताना आत पाहत नाहीत. मागच्या अंगणात उशिरा का होईना, खड्डा झाला. मीठ-कोळसा ओला राहावा म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी मी घालते. तेवढ्याने काही भरून निघत नाही.

म्हणून या ग्रंथाच्या वाचकांसमोर लिहून देते: चूक माझी होती. समितीने इतिवृत्त दुरुस्त करावे आणि सत्काराच्या दिवशी शालीबरोबर ती किल्लीही नानांच्या हाती द्यावी. या वेळी मी एकही ओळ गाळलेली नाही. नानांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, आणि त्या कक्षाचे कुलूप पुढची पुष्कळ वर्षे त्यांच्याच हातांनी उघडले जावो.