मागच्या दाराने या

आमच्या भुईगावात गुत्ता कुठे आहे, हे विरारहून पहिल्यांदा आलेला पाहुणासुद्धा वासावर सांगायचा. दारू सोडलेल्या माणसांची बैठक कुठे भरते, हे शोधायला मात्र मला तीन आठवडे लागले. मी काही कोणी ऐरागैरा नव्हतो. दारूबंदीचा कार्यकर्ता होतो! ‘दारुड्यांनो, लाज धरा!’ हे पत्रक माझं. दादाने ते नीट वाचून माझ्याच हातात परत दिलं होतं. “अक्षर चांगलंय,” म्हणाला होता.

शोधत होतो ते दादासाठीच. तो वालीवच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होता. सकाळी प्यायल्याशिवाय हात थरथरायचा आणि प्यायल्यावर नजर हलायची. डाव्या करंगळीचं टोक मशीनने आधीच घेतलं होतं. एकदा दाढी करताना गाल कापून घेतला आणि आरशातूनच मला म्हणाला, “ए पुढारी, मुंबईत दारुड्यांच्या बैठका असतात म्हणे. एकमेकांना धरून दारू सोडतात. आपल्याकडे कुठे असली तर बघ ना.” त्याने मला आयुष्यात काही मागितलेलं, ते एवढंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. पंचायतीत एक सदस्य म्हणाले, “बैठक? अरे, नाक्यावर रोज बसतात की!” सगळी कचेरी हसली. हसणाऱ्यांतले निम्मे तिथे बसणारेच होते. चर्चच्या फादरनी तेवढं विचारलं, “कोणासाठी?” मी छाती काढून म्हणालो, “समाजासाठी.” ते माझ्याकडे बघत राहिले. “समाजासाठी मला काही ठाऊक नाही, बाळा,” म्हणाले आणि आत गेले. मी तरातरा बाहेर आलो. भावासाठी, असं म्हणायची मला लाज वाटली होती. दुसऱ्यांना लाज धरायला सांगत गावभर फिरणारा मी!

शेवटी वहिनी करवादली. “त्या पानवेलीवाल्या काकांना का नाही विचारत? दोन वर्षांपूर्वी गटारात लोळायचे. आता बघा. तुमच्या पत्रकाने सुधारले काय ते?” काका वाडीत शिडीवर चढून पानं खुडत होते. त्यांनीही तेच विचारलं, “कोणासाठी?” या वेळी मी दादाचं नाव घेतलं. ते शिडीवरून खाली उतरले. “गुरुवारी साडेसहाला. चर्चच्या मागे धर्मशिक्षणाची खोली आहे ना, तिथे. मागच्या दाराने या.”

दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मला बाहेरच थांबवलं. आतून हसण्याचा आवाज येत होता. हसतात कसले हे, म्हणून माझं डोकं फिरलं. परत येताना दादा म्हणाला, “मुलांच्या बाकांवर बसतो रे. गुडघे हनुवटीला लागतात. माझ्यासारखे सात जण आहेत. एक तर आपले मास्तर...” आणि त्याने जीभ चावली. “हे कोणापाशी बोलायचं नाही.”

चार गुरुवार दादा प्यायला नाही. वहिनी ताट वाढताना गुणगुणायला लागली.

आणि मला राग आला. गुत्त्याला पुढचं दार आणि यांना मागचं? पाटी नाही, पत्ता नाही, ही काय चोरी आहे? माणसं मरतायत आणि हे दार लावून बसतात! रविवारी मी सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल कापलं. वार, वेळ, खोली, मागचं दार, सगळं लिहिलं. कसर लागू नये म्हणून आम्ही खळीत मोरचूद घालायचो. पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर, चर्चच्या कुंपणावर आणि मुद्दाम गुत्त्याच्या दारावर पत्रकं डकवली. कोणाला विचारलं नाही. चांगल्या कामाला विचारायचं काय?

पाचव्या गुरुवारी चर्चच्या कुंपणावर माणसं ओळीने बसली होती, तमाशाला बसावीत तशी. गिरणीतून परतणाऱ्या बायका डबे कडेवर घेऊन थांबल्या होत्या. मास्तर सायकलवरून वळणाशी आले.

“काय मास्तर, तुम्हीपण?”

“या, या! मागच्या दाराने!”

मास्तरांनी सायकल वळवली. दादा माझ्या शेजारी उभा होता. कुंपणावर चिकटवलेलं पत्रक त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं. या वेळी अक्षराबद्दल काही बोलला नाही. थेट गुत्त्याकडे चालायला लागला. पुढचे नऊ दिवस त्याला कोणी शुद्धीत पाहिलं नाही.

त्या कुंपणावरच्या लोकांना मी आजही माफ केलेलं नाही. गुत्त्याच्या दारात कोण शिरतं, हे बघायला त्यांच्यातला एकही कधी बसला नव्हता. पण त्यांना वेळ आणि जागा कळवली कोणी? मी. छापून!

दहाव्या दिवशी मी काकांच्या वाडीत गेलो. बैठक हलली होती.

“कुठे?”

“तुला नाही सांगणार.”

“काका, दादासाठी विचारतोय.”

“दादाला सांगून झालंय. आज सकाळीच येऊन गेलो तुमच्या घरी, तू पत्रकं वाटायला गेला होतास तेव्हा.” मग म्हणाले, “ती भिंतीवरची काढ आधी. परवा पलीकडच्या गावचा एक जण वाचून आला होता. कुलूप बघून गेला परत.”

मी खुरपं आणि पाण्याची बादली घेऊन निघालो. आमची खळ कधी सुटत नाही, याचा मला केवढा अभिमान होता! गिरणीच्या भिंतीवर दुपारभर खरवडलं, नखं फुटली, तरी ‘मागच्या’ एवढं राहिलंच. गिरणीवाला म्हणाला, “काय रे, लावतोस पण तूच, काढतोस पण तूच?” मी बादली उचलली.

घरी आलो तर दादा आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालत होता. वार गुरुवार नव्हता. वहिनीने मला डोळ्यांनीच दटावलं. तो सायकल काढून बाहेर पडला. आळीच्या टोकाला तो डावीकडे, गुत्त्याकडे वळतो की उजवीकडे, हे ओट्यावरून दिसतं. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो.